मायको, बॉश आणि दोन मायक्रॉनची फट

प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपावर ‘मायको’ असतं आणि नव्या नोझलच्या डबीवर ‘बॉश’, तर ही कंपनी एकच का? स्पार्क प्लग करणारी कंपनी डिझेलमध्ये शिरली कशी? आणि जुन्या मायको पंपात आज बॉशच्या डबीतला एलिमेंट (पंपातली प्लंजर-बॅरलची जोडी) टाकला तर चालतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: हो, एकच. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड. १९५१ साली बंगळूरला स्थापन झाली ती मुळातच जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीच्या तंत्रावर. २००८ साली नाव बदलून बॉश लिमिटेड झालं. नाशिकला कंपनीचा कारखाना आहे, आणि तिथला चौक नाशिककरांच्या तोंडी मात्र अजून मायको सर्कलच आहे. तिसऱ्याचं थोडक्यात उत्तर असं की पाटीवरचा नंबर जुळला आणि पूर्ण जोडी बदलली तर चालतो. नुसता प्लंजर बदललात तर नाही. का नाही, हे कळायला मधल्या प्रश्नाकडे जावं लागतं, कारण ही कंपनी पहिल्यापासून एकाच गोष्टीवर पैसे कमवत आली आहे: योग्य क्षणी, योग्य मापात, न चुकता काहीतरी घडवून आणणं. आधी ठिणगी, मग डिझेल.

रॉबर्ट बॉशने १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं. फलकावर शब्द होते ‘सूक्ष्म यंत्रं आणि विद्युत काम’. म्हणजे टेलिफोन, घंटा, जे येईल ते. १८८७ साली एका गिऱ्हाइकाने गॅसवर चालणाऱ्या जागच्या इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीपुरती वीज तयार करणारं यंत्र, मागितला. तसा मॅग्नेटो डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर होता. बॉशने तो शोर्नडॉर्फ गावी जाऊन पाहिला, सुधारून बनवला आणि विकला. म्हणजे मॅग्नेटो हा काही त्याचा शोध नव्हे. दुसऱ्याची चालू वस्तू घ्यायची आणि ती भरवशाची करून दाखवायची, हे या कंपनीच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसेल.

हा मॅग्नेटो कमी दाबाच्या विजेचा होता. लोहचुंबकाच्या पायांमध्ये एक आर्मेचर (तारेची गुंडाळी असलेला लोखंडी गाभा) हेलकावे खायचं, आणि सिलिंडरच्या आत बसवलेला संपर्क ऐन क्षणी झटक्याने तुटला की तिथे ठिणगी पडायची. मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेणाऱ्या जागच्या इंजिनाला हे पुरायचं. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकाने द दिओं-बूतों कंपनीची तीनचाकी आणून दिली आणि हाच मॅग्नेटो तिच्यावर बसवायला सांगितलं. तिचं इंजिन कितीतरी जलद फिरणारं. जड आर्मेचर त्या गतीने मागेपुढे हलूच शकत नव्हतं. बॉशचा सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर याने आर्मेचर स्थिर ठेवलं आणि त्याच्याभोवती पत्र्याची हलकी बाही हलती ठेवली. वजन गेलं, गती मिळाली, मॅग्नेटो गाडीवर चढला.

तरीही सिलिंडरच्या आत हलणारा संपर्क ही कटकट होतीच. तिथे उष्णता, काजळी, झीज सगळंच. १९०२ साली गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो दिला. एकाच आर्मेचरवर दोन गुंडाळ्या: जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे. बाहेरचा ब्रेकर पॉइंट उघडला की बारीक गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडतात. सिलिंडरच्या आत हलणारं काही उरलंच नाही. आजचा स्पार्क प्लग इथून सुरू होतो. बॉशच्या डबीवर वर्तुळात एच अक्षरासारखी आकृती असते ना, ते याच मॅग्नेटोचं आर्मेचर आहे. ते चिन्ह १९१८ साली काढलं तेही होनोल्डनेच.

पुढची बारा वर्षं धंदा भरभराटीचा. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला आणि त्याच वर्षी कामगारांना आठ तासांची पाळी मिळाली, त्या काळात दुर्मीळ गोष्ट. १९१३ पर्यंत ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होती. पहिल्या महायुद्धाने हे सगळं उलटवलं. अमेरिकेतला कारखाना तिथल्या सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेऊन १९१८ मध्ये विकला, आणि बॉशचंच नाव लावणारी दुसरी कंपनी बाजारात उभी राहिली. जुन्या अमेरिकन यंत्रांवर ‘अमेरिकन बॉश’ अशी पाटी दिसली तर तिचं मूळ हे.

स्पार्क प्लगपाशी थोडं थांबू, कारण इथे रोजच्या कामात चूक होते. प्लग किती ‘गरम’ किंवा ‘थंड’, हे त्याच्यावरच्या आकड्यात असतं. इन्सुलेटरचं टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडून बसतो. ते ८५० ते ९०० अंशांच्या वर गेलं तर ठिणगीची वाट न पाहता टोकच मिश्रण पेटवतं आणि पिस्टनला भोक पडतं. बॉशच्या आणि मायकोच्या जुन्या नंबरांत, म्हणजे डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ यांत, आकडा मोठा तितका प्लग थंड. कारण तो आकडा चाचणीच्या इंजिनात प्लग तापून स्वतःच पेटवायला लागेपर्यंत किती टिकतो, याचा होता. नव्या पद्धतीत उलटं आहे: आकडा लहान तितका प्लग थंड. जुना १४५ म्हणजे नवा ८, १७५ म्हणजे ७, २२५ म्हणजे ५. काही जपानी कंपन्यांमध्ये आजही मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. तेव्हा ‘सात नंबर द्या’ एवढं बोलून प्लग घेऊ नये, कंपनी सांगून घ्यावा. डब्ल्यू ७ डीसी या नंबरात डब्ल्यू म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा आणि सपाट बैठक, ७ ही उष्णतेची श्रेणी, डी म्हणजे १९ मिलिमीटर लांब आटा आणि पुढे आलेलं टोक, आणि शेवटचा सी म्हणजे तांब्याचा गाभा. आखूड आट्याच्या हेडमध्ये डी घातला तर प्लगचं टोक पिस्टनला भेटण्याची शक्यता असते.

आता डिझेल. १९२० च्या दशकात मॅग्नेटोला उतरती कळा लागली. गाडीत बॅटरी आणि डायनामो आलेच होते, त्यामुळे कॉइलची इग्निशन स्वस्त पडू लागली. बॉशने स्वतःही १९२५ मध्ये ती बाजारात आणली, म्हणजे आपल्याच मुख्य मालाची कबर खणली. त्या आधीच, १९२२ च्या सुमाराला, रॉबर्ट बॉशने डिझेल पंपाचं काम हाती घ्यायचं ठरवलं होतं. रुडॉल्फ डिझेलचं १८९७ चं इंजिन डिझेल आत फुंकायला दाबाखालची हवा वापरायचं. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. तो जहाजावर चालून जातो, ट्रकवर नाही. डिझेल रस्त्यावर आणायचं तर हवेशिवाय, नुसत्या दाबाने ते फवारणारा छोटा पंप हवा होता. त्यावर इतरही अनेक जण काम करत होते. बॉशने काही पेटंट विकत घेतली, काही माणसं जोडली. १९२७ च्या शेवटी कारखान्यात पंपाचं नियमित उत्पादन सुरू झालं. आधी ट्रक, मग १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही मोटारगाडी.

हा पंप म्हणजे आपण ज्याला इनलाइन पंप म्हणतो तो, आणि मायकोचे ए साइजचे पंप त्याचीच पोरं. आत काय घडतं ते पाहिलं की ‘जोडी’चा मुद्दा सुटतो.

प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट असतो: एक बॅरल आणि त्यात सरकणारा प्लंजर. खालची कॅम प्लंजरला दर वेळी तेवढाच उचलते, स्ट्रोक बदलत नाही. बदलते ती डिझेलची मात्रा. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते, तिला हेलिक्स म्हणतात. प्लंजर वर जाताना बॅरलचं छिद्र झाकलं की दाब चढतो; तिरकी खाच त्या छिद्राशी आली की दाब सुटतो आणि फवारा थांबतो. रॅक (ॲक्सिलरेटरला जोडलेली दांडी) सरकवला की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो, खाचेचा वेगळा भाग छिद्रासमोर येतो आणि फवारा लवकर किंवा उशिरा थांबतो. ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे शेवटी एवढंच. सुरुवात ठरलेली, शेवट बदलता.

मात्रा किती? चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला एका फवाऱ्यात साधारण ५० घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याचा एक थेंब. वेळ? इंजिन २००० फेऱ्यांवर असताना २४ अंशांचा फवारा दोन मिलिसेकंदांत संपतो. आणि हे शेकडो बार दाबाने, एकही रबरी सील किंवा रिंग न वापरता. सील म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांच्यातली दोन ते तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट आणि तिच्यात अडकलेलं डिझेल. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्याशी तुलना करा.

एवढी बारीक फट दोन सुटे भाग वेगवेगळे बनवून मिळत नाही. प्लंजर आणि बॅरल घासून, मोजून, एकमेकांशी जुळवून जोडीने डबीत भरतात. म्हणून चार एलिमेंट एकाच ट्रेमध्ये धुतले आणि प्लंजर अदलाबदल झाले की चारही गेले. नवीन एलिमेंट तपासायची साधी पद्धत अशी: स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचा, फडक्याने पुसायचा नाही (सूत आत राहतं), बॅरल सुमारे ६० अंश तिरका धरायचा, प्लंजर एक तृतीयांश बाहेर ओढून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता सरकत आत गेला पाहिजे. थोडा फिरवून पुन्हा करायचं. इथे नवशिके एक चूक हमखास करतात: प्लंजर मुठीत धरून बोलत बसतात आणि मग तो सरकत नाही म्हणून परत पाठवतात. साडेनऊ मिलिमीटरचा पोलादी प्लंजर १५ अंशांनी तापला की जवळपास दीड मायक्रॉन फुगतो. अर्धीअधिक फट तिथेच गेली. खाली ठेवा, बॅरलइतका गार होऊ द्या, सरकेल.

याच हिशोबाने पंप काय खराब करतं तेही कळतं. पाणी: ते फटीत वंगण करत नाही, आणि इंजिन काही दिवस उभं राहिलं की प्लंजरवर गंजाचा पट्टा उमटतो. फिल्टरच्या बाउलमधलं पाणी सोडायचा आळस सगळ्यात महाग पडतो तो इथे. धूळ: दोन-तीन मायक्रॉनचा कण फटीत बरोबर बसतो आणि उभे ओरखडे काढतो. ओरखडे छिद्रासमोरच्या भागात दिसले तर फिल्टर निकृष्ट किंवा फाटलेला समजा. झिजलेल्या एलिमेंटची ओळख म्हणजे इंजिन गार असताना सुरू होतं, गरम झाल्यावर बंद केलं की परत लवकर उठत नाही, कारण गरम डिझेल पातळ होऊन फटीतून पळतं. पंपाच्या तळात ऑइल वाढलेलं आणि पातळ दिसलं तरी तोच संशय घ्यायचा.

पंप बसवताना टायमिंगला स्पिल पद्धत अजूनही सगळ्यांत खात्रीची. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून फ्लायव्हीलची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर लावायची. पंपाच्या एक नंबरचा होल्डर काढून आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलकडे जाणारी वाट बंद करणारी झडप) आणि स्प्रिंग बाजूला ठेवायची, होल्डर परत कसून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची. स्टॉप लिव्हर मोकळा, रॅक पूर्ण डिझेलवर. हाताच्या पंपाने डिझेल सोडलं की नळीतून धार येते. आता पंपाचं धड फ्लँजच्या लांबट भोकांत हळूहळू, कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरवायचं. धार बारीक होते, तुटते, थेंबावर येते. दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब म्हणजे छिद्र नुकतं झाकलं गेलं, फवाऱ्याची सुरुवात इथे. तिथेच बोल्ट आवळायचे. कॅम इंजिनच्या निम्म्या गतीने फिरते, त्यामुळे पंपावरचा एक अंश म्हणजे क्रँकवर दोन, हे विसरू नका. काढलेला डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत न घालता पंप बसवून मोकळे झालेलेही असतात. त्या सिलिंडरची नोझल मग टपकत राहते आणि दोष नोझलला लागतो.

पाटीवरचा नंबर कसा वाचायचा: पीईएस ६ ए ९५ डी ४१० आरएस अशा ओळीत पी म्हणजे पंप, ई म्हणजे स्वतःची कॅमशाफ्ट असलेला, एस म्हणजे फ्लँजने बसणारा. ६ सिलिंडर, ए साइज, ९५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर प्लंजर. आर म्हणजे उजवा फिरणारा, एल असेल तर डावा. त्यापुढे आकडा असेल तर तो इंजिननुसार. पंपाचं धड सारखं दिसतं म्हणून ९० च्या जागी ९५ चे एलिमेंट घालून ‘ताकद वाढवणारे’ असतात. धूर वाढतो, पिस्टन तापतात, ताकद फारशी वाढत नाही. नोझलचंही तसंच. डीएलएलए १५० पी मध्ये १५० हा फवाऱ्याचा कोन. तो बदलला की डिझेल पिस्टनच्या खोलगट भागाऐवजी भिंतीवर पडतं आणि ऑइलमध्ये उतरतं. डीएन ० एसडी या नोझलच्या नंबरात मधलं चिन्ह शून्य आहे, ओ अक्षर नव्हे. ऑनलाइन शोधताना यावरून भरपूर गोंधळ होतो.

भारतात बॉशचा माल १९२२ पासून कलकत्त्याच्या एजन्सीमार्फत येत होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि मालही इथे डिझेल ट्रक, ट्रॅक्टर, शेतीपंप यांना लागू लागला. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. मायको बंगळूरच्या आडुगोडीत उभी राहिली ती ही गरज ओळखून. नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरचा, पुढे जयपूरला रोटरी म्हणजे व्हीई पंप. हा व्हीई पंप बॉशने १९७५ मध्ये काढला. त्यात चार सिलिंडरना मिळून एकच प्लंजर, जो पुढेमागे होत फिरतोही. स्वस्त, हलका, पण त्याचं सगळं वंगण डिझेलवर. इनलाइन पंप खराब डिझेलशी कसातरी जमवून घेतो, व्हीई घेत नाही.

मधला काळा भाग वगळून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉशच्या कारखान्यांत किमान वीस हजार वेठबिगार राबवले गेले. त्याच काळात कंपनीने हिटलरविरोधी गटातल्या कार्ल ग्योर्डेलर यांना सल्लागार म्हणून आधार दिला. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. रॉबर्ट बॉश १९४२ मध्ये वारला. १९६४ पासून कंपनीचा बहुतेक हिस्सा एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. शेअर बाजाराचा दबाव नसल्याने एखाद्या वस्तूवर दहा-पंधरा वर्षं पैसे घालणं त्यांना परवडतं, असं माझं मत. १९६७ ची पेट्रोलची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन डी-जेट्रॉनिक, १९७६ चा धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर, १९७८ ची एबीएस, १९९५ ची गाडी घसरण्यापासून सावरणारी ईएसपी ही त्याची फळं. यातल्या लॅम्ब्डाबद्दल एवढंच: तो ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, आणि गार इंजिनावर मोजून ‘सेन्सर मेला’ म्हणणं चूक.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल देण्याची पद्धत, बॉशने शोधली असं सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. मोठं काम फियाट आणि मॅग्नेटी मारेली यांनी केलं. बॉशने ते हक्क घेऊन १९९७ मध्ये उत्पादनायोग्य केलं, अल्फा रोमिओ १५६ वर. मॅग्नेटोचीच गोष्ट पुन्हा. यात पंप नुसता दाब साठवतो, पहिल्या पिढीत १३५० बारपर्यंत, आणि इंजेक्टर केव्हा उघडायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. या ईसीयूनेच कंपनीला गोत्यातही आणलं: डिझेलच्या धुराच्या घोटाळ्यात देखरेखीत हलगर्जी केल्याबद्दल स्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ९ कोटी युरो दंड लावला.

जुना पंप आणि कॉमन रेल यांच्या दुरुस्तीत फरक काय? जुन्या नोझलला हाताचा टेस्टर पुरतो: उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी धरून दहा सेकंद ठेवा, टोकाला थेंब लोंबू नये, दाब वाढवल्यावर फवारा सगळ्या छिद्रांतून सारखा यावा आणि नोझल चरचरावी. कॉमन रेलच्या इंजेक्टरची परतीची नळी सारख्या आकाराच्या बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवतात. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा दुपटीने भरते त्या इंजेक्टरचा आतला व्हॉल्व्ह गेला. बदलल्यावर त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. कोड म्हणजे त्या एका इंजेक्टरच्या मापातला फरक. पूर्वी हा फरक जोडी जुळवून मिटवत. आता मोजून लिहून ठेवतात आणि ईसीयू सांभाळून घेतो. कोड न भरता गाडी दिली तर ती चालते, पण आयडलिंगला थरथरते आणि गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं.

तेव्हा तुमच्या मायको पंपासाठी: पाटी ब्रशने साफ करून पूर्ण नंबर उतरवा, मायकोचा आणि त्यावरून बॉशचा नंबर डीलरकडून जुळवा, एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह सगळ्या सिलिंडरचे एकदम घ्या, आणि टेस्ट बेंचवर फेजिंग (एका सिलिंडरच्या फवाऱ्यापासून पुढच्याचं अंतर जुळवणं) करून घ्या. चार सिलिंडरला कॅमवर ९० अंश, सहाला ६०, फरक अर्ध्या अंशाच्या आत. एकच एलिमेंट बदलून पैसे वाचवले तर तो नवा एलिमेंट बाकीच्या तिघांपेक्षा जास्त डिझेल देईल आणि तो सिलिंडर ठोका देईल, मग रॅकच्या क्लॅम्पवर मात्रा जुळवायला पंप परत बेंचवर चढवावाच लागेल.